चिऊचा सीझन

शॉमबर्ग, २२ मार्च २०२५

प्रिय विनू,

फोनवरच सांगणार होते, पण तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. म्हणून ईमेल. शेवटपर्यंत वाच, मग ओरड.

वरची खोली मी एका मुलीला दिली आहे. नाव चिहारू कुरोसे, वय अठरा, राहणार जपान. शिकायला आलेली नाही. ती रेस ड्रायव्हर आहे. हो, बरोबर वाचलंस.

माझ्या पाण्यातल्या व्यायामाच्या क्लासमध्ये लिंडा नावाची मैत्रीण आहे. तिचा नवरा डग एक छोटी रेसिंग टीम चालवतो. एकाच माणसापुरत्या, उघड्या चाकांच्या छोट्या गाड्या असतात ना, त्यांची ज्युनियर सिरीज. इथे चांगली चालवली की पोरं वरच्या सिरीजमध्ये जातात, तिथून आणखी वर. शंभरातला एखादा पार टीव्हीवरच्या शर्यतींपर्यंत पोचतो म्हणे. चिहारू त्यासाठी एकटी अमेरिकेत आली आहे. सहाव्या वर्षापासून गो-कार्ट चालवते. हॉटेलात एकटी राहून ती काहीतरी अबरचबर खात होती. लिंडानं विचारलं, मी हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारा एकच जण आहे, तो म्हणजे स्मोक अलार्म. त्याचीही बॅटरी संपत आली आहे.

गंमत ऐक. हिच्याकडे रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्सच नाही! त्यामुळे वर्कशॉपला रोज मी सोडते. ट्रॅकवर ताशी दोनशे किलोमीटरनं जाणारी मुलगी माझ्या शेजारी सीट घट्ट धरून बसते आणि म्हणते, "मावशी, स्लो प्लीज."

मी तिला चिऊ म्हणते.

तुझी,
ताई

---

शुगर लँड, २३ मार्च

प्रिय ताई,

शेवटपर्यंत वाचलं. आता ओरडतो.

माझं अख्खं करिअर केमिकल प्लँटमध्ये लोकांना "हेल्मेट घाल, पट्टा लाव" सांगण्यात गेलं. आणि माझी सख्खी बहीण हौसेनं जीव धोक्यात घालणारी मुलगी घरात ठेवते! उद्या काही झालं तर हॉस्पिटलमधून पहिला फोन कोणाला येईल? तुला. तिच्या आईवडिलांना काही वाटतं की नाही? आमची अनिका ऑस्टिनहून घरी येताना हायवेला लागली तरी माझा डोळा फोनवर असतो.

तू तिला जेवायला घाल, पण जीव लावू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. भाड्यानं खोली दिली आहेस, एवढंच लक्षात ठेव.

आणि चिऊ काय? रेस ड्रायव्हरचं नाव आहे का ते?

विनय

---

शॉमबर्ग, ४ मे

प्रिय विनू,

पहिल्या दोन शर्यती झाल्या. पहिलीत चिऊ अकरावी, दुसरीत सातवी. अकरावी आली तेव्हा घरी येऊन बुटांची जोडी दारात सरळ लावली, "आय ॲम होम" म्हणाली आणि जिन्यावर बसून रडली. मी वरणभात वाढला. तिनं त्यावर स्वतःच्या डब्यातलं खारवलेलं प्लम ठेवलं. मीही चाखून बघितलं. लिंबाच्या लोणच्याची लांबची बहीण आहे.

दुसरी बातमी. तिनं इलिनॉयच्या लायसन्सची रोड टेस्ट दिली आणि नापास झाली. कारण काय, तर फार हळू चालवली! परीक्षक म्हणाला, मागे रांग लागली होती. डगच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक लोकांनी जमिनीवर लोळणंच बाकी ठेवलं. मी तिला विचारलं, "अगं, असं कसं?" तर म्हणाली, "ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, मावशी. रस्त्यावर लोकांना कुठे जायचंय तेच माहीत नसतं."

जूनमध्ये तुझी शिकागोत कॉन्फरन्स आहे ना? हॉटेल कॅन्सल कर, माझ्याकडे ये. त्याच वीकेंडला विस्कॉन्सिनमध्ये शर्यत आहे. बघ आणि मग नावं ठेव.

ताई

---

शुगर लँड, १७ जून

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. कानात अजून इंजिन वाजतंय.

लिहिणं भाग आहे म्हणून लिहितो: मी चुकलो होतो. मला वाटलं होतं धूर, आरडाओरडा, माजलेली श्रीमंत पोरं. आणि बघतो तर हिरव्या टेकड्या, घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी जोडपी, आणि आपली चिऊ डोळे मिटून, गाडीत बसण्याआधी हातानं हवेत वळणं घेतेय. एकेक वळण, एकेक गिअर. आमच्या प्लँटमध्ये एवढ्या तयारीनं काम सुरू करणारा एक माणूस मला दाखव.

ती तिसरी आली तेव्हा मी किती ओरडलो ते कृपया तुझ्या वहिनीला सांगू नकोस. आणि ते बक्षिसाच्या पायऱ्यांवर शॅम्पेन उडवणं! ही एकवीसच्या आतली, म्हणून हिच्या बाटलीत सफरचंदाचा फसफसता रस. तिनं तो अर्धा उडवला आणि अर्धा नीट झाकण लावून घरी आणला. तिथेच मी हरलो.

परत येताना तिनं मला विचारलं, "विनय-सान, तुमचं काम काय?" मी म्हटलं, काही घडू नये याची काळजी घेणं. तर म्हणते, "काहीच घडलं नाही, तर तुम्ही चांगलं काम केलं हे कसं कळतं?" ताई, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला बॉसनंसुद्धा विचारला नाही.

पुढची शर्यत ऑनलाइन लाइव्ह दिसते का? लिंक पाठव. अनिकाला म्हटलं बघ, तर ती म्हणते, "बाबा, हू आर यू?"

विनय

---

शॉमबर्ग, २८ जुलै

प्रिय विनू,

ओहायोची शर्यत आटोपून काल परत आलो. या वेळी जमलं नाही, एका गाडीला चाक लागलं आणि चिऊ बाहेर पडली. थोडं खरचटलं आहे. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी तपासून सोडलं. ती मजेत आहे, झोपली आहे.

टोमॅटो यंदा भरपूर आले आहेत. तुझ्याकडे उकाडा फार आहे का?

ताई

---

शुगर लँड, २८ जुलै, संध्याकाळी

ताई,

टोमॅटोचं नंतर बघू. मी लाइव्ह बघत होतो. "चाक लागलं" म्हणे! गाडी हवेत उडाली, दोन कोलांट्या खाऊन कुंपणावर आदळली. मी खुर्चीवरून उठलो तो उभाच राहिलो. ती आपल्या पायांनी बाहेर आली आणि प्रेक्षकांकडे बघून वाकली, तेव्हा कुठे खाली बसलो. तुला मला सांगता येत नव्हतं?

पण काय पोरगी आहे! तिला सांग, आम्ही इथे सगळे तिच्यासाठी थांबलो आहोत. ऑगस्टअखेरची शर्यत महत्त्वाची आहे ना? वरच्या सिरीजमधल्या टीमचा माणूस ड्रायव्हर बघायला येणार, असं तीच म्हणाली होती.

विनय

---

शॉमबर्ग, ११ ऑगस्ट

प्रिय विनू,

आता खरं लिहिते. सांगितलं नाही कारण तू घाबरशील असं वाटलं. खरं तर मीच घाबरले होते.

चिऊ बरी नाही. ट्रॅकवर तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. त्रास नंतर सुरू झाला. स्वयंपाकघरातला दिवा लावला की डोळे झाकते. जिना उतरताना कठडा सोडत नाही. परवा मला तिच्या आईच्या सलूनमधल्या मांजराची गोष्ट सांगितली, खूप हसलो. तासाभरानं तीच गोष्ट तिनं पहिल्यांदा सांगतेय अशी सांगितली. काल चहा ओतताना धार कपाच्या बाजूला, ओट्यावर. ती ओततच राहिली. मी हात धरला तेव्हा तिला कळलं.

मी जन्मभर औषधांच्या काउंटरमागे उभी होते. डोक्याला मार लागलेली माणसं "आय ॲम फाइन" म्हणत डोकेदुखीच्या गोळ्या कशी मागतात ते मला पाठ आहे. माझ्या कपाटातल्या गोळ्या कमी होत आहेत.

मी तिला सरळ विचारलं. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "मावशी, फक्त ही एक शर्यत. तो माणूस मला बघायला येतोय. नंतर डॉक्टरकडे जाते, प्रॉमिस." तिच्या बाबांनी यासाठी काय काय सोडलं ते मला माहीत आहे. तिनं माझे दोन्ही हात धरले होते रे.

काय करू? तू या विषयातला आहेस.

ताई

---

शुगर लँड, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

रात्रभर विचार केला. माझं मत ऐकून तुला आश्चर्य वाटेल. तू मध्ये पडू नकोस.

डॉक्टरांनी तिला सोडलं आहे. डोकेदुखी आणि विसराळूपणा टेन्शननंही होतो, अनिका परीक्षेच्या आधी फ्रिजमध्ये चष्मा ठेवते. चिऊ लहान नाही. असा माणूस बघायला येण्याची संधी पुन्हा येत नाही. ही शर्यत चुकली तर सीझन गेला, सीझन गेला तर ती जपानला परत, आणि बारा वर्षांची मेहनत पाण्यात. फक्त एक शर्यत आहे, ताई. मग मी स्वतः येऊन तिला स्पेशालिस्टकडे नेतो.

विनय

---

शॉमबर्ग, १६ ऑगस्ट

विनू,

मी सांगितलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला तेच ऐकायचं होतं, आणि म्हणूनच मला ते पटेना. सेफ्टीवाला माणूस "चालेल" म्हणतो म्हणजे तोही तिच्या प्रेमात आंधळा झालाय.

काल संध्याकाळी तिला म्हटलं, "चिऊ, डगला तू सांग. नाहीतर मी सांगते." ती म्हणाली, "शर्यतीनंतर." मी म्हटलं, "आता." मग मी तिच्यासमोरच टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला आणि डगला सगळं सांगितलं. चहाचंही, गोळ्यांचंही. ती समोर बसून ऐकत होती. डग म्हणाला, "चिहारू, इज दिस ट्रू?" तिनं मान खाली घातली. तेच उत्तर होतं.

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "तुम्ही टीम नाही. फॅमिलीपण नाही." ओरडली नाही. वर गेली, बॅग भरली, चादरीची घडी घातली. लिंडा न्यायला आली तेव्हा दारात उभी राहून कमरेतून वाकली, अनोळखी माणसासमोर वाकतात तशी. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आज तपासणी झाली. तिला गाडीत बसायला मनाई आहे, किती दिवस ते नंतर ठरेल. डगनं तिच्या गाडीसाठी दुसरा मुलगा बोलावला आहे.

ताई

---

शुगर लँड, १७ ऑगस्ट

ताई,

अभिनंदन. एका फोनवर सगळं संपवलंस. मला विचारलंस कशाला, जर ऐकायचंच नव्हतं? तिनं तुझ्यावर विश्वास टाकला होता. तुला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं, मुलांचं स्वप्न असं स्पीकर लावून मोडत नाहीत.

विनय

---

शुगर लँड, २१ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू उत्तर दिलं नाहीस, फोन उचलला नाहीस. बरोबर केलंस.

परवा प्लँटमध्ये एक जण शिडीवरून घसरला, डोकं पाइपला आपटलं. उठला, हसला, "आय ॲम गुड, बॉस" म्हणाला. मी क्षणभरही विचार केला नाही. काम थांबवलं, त्याला गाडीत घालून तपासायला पाठवलं. तो चिडला, कारण त्याचा ओव्हरटाइम बुडला. मी त्याला म्हटलं, "चिडलास तरी चालेल, चिडायला शिल्लक राहा."

हे बोललो आणि तिथल्या तिथे बसलो. परक्या माणसासाठी मला जे लगेच कळलं, ते आपल्या पोरीसाठी कळलं नाही. तिला टाळ्या मिळताना बघायची घाई मलाच झाली होती.

आणि ते मुलाबाळांचं वाक्य. ते मागे घेता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारतो, माफ करशील?

तुझा,
विनू

---

शॉमबर्ग, २४ सप्टेंबर

प्रिय विनू,

तुझं ते वाक्य वाचलं तेव्हा तव्यावरची पोळी करपली. घरात इतका धूर झाला की स्मोक अलार्मनंही तुला शिव्या दिल्या. आता त्याची बॅटरी बदलली आहे, त्यामुळे जपून लिहीत जा. माफ केलं. पुन्हा बोललास तर वहिनीला विस्कॉन्सिनचा व्हिडिओ पाठवीन.

बातम्या अशा. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधीचं भरून यायच्या आत पुन्हा मार बसला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. ऑगस्टच्या शर्यतीत चिऊच्या गाडीतून तो बदली मुलगा दुसरा आला, आणि बघायला आलेल्या माणसानं त्यालाच उचललं. म्हणजे तू म्हणत होतास तेही खोटं नव्हतं. संधी गेली ती गेलीच.

चिऊ लिंडाकडे राहते. रोज व्यायाम, डोळ्यांचे खेळ, अंधाऱ्या खोलीत विश्रांती. माझ्याशी बोलत नाही. मी लिंडाच्या हाती डबा पाठवते. रिकामा परत येतो, लख्ख घासलेला. एखादी चिठ्ठी असेल म्हणून मी प्रत्येक वेळी उघडून बघते. नसते.

आता तिची तब्येत सुधारली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर इंडियानाची शेवटची शर्यत ती चालवेल. मी जाणार नाही. तिला नको असलेला चेहरा शर्यतीआधी कशाला दाखवायचा? तू जा.

ताई

---

इंडियानापोलिस विमानतळ, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

विमानाला वेळ आहे, म्हणून इथेच लिहायला बसलो.

शनिवारी पहिली शर्यत, रविवारी दुसरी. शनिवारी चिऊ चौदावी निघाली आणि नववी आली. इतक्या महिन्यांनी गाडीत बसलेली मुलगी, नववी! पण शेवटच्या फेरीत तिच्यापुढच्या गाडीचा अपघात झाला. काईओ नावाचा ब्राझीलचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, यंदा पहिल्या तिघांतला. भिंतीला धडकला. तपासलं, ठीक निघाला, हसत हसत गेला.

आज सकाळी मी कॉफी घेऊन तंबूपाशी उभा होतो. काईओ हेल्मेट घेऊन आला. हेल्मेटचा पट्टा लावत होता, आणि लागत नव्हता. पुन्हा प्रयत्न, पुन्हा. शेजारी चिऊ होती. ती नुसती बघत होती. मग उठून त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं आणि काहीतरी बोलली. तो भडकला. हात झटकला. ही तिथून हलेना. त्याच्या टीमचे लोक बघायला लागले. मागे कोणीतरी कुजबुजलं, "पुढची एक गाडी कमी करतेय." तिलाही ऐकू गेलं असावं, कारण कान लाल झाले. पण ती उभीच. बराच वेळ काहीतरी समजावत होती. मला ऐकू आलं नाही, फक्त हातवारे दिसले. शेवटी तो स्वतःहून डॉक्टरांच्या तंबूकडे चालत गेला. परत आला नाही. डॉक्टरांनी त्याची शर्यत थांबवली.

आणि चिऊ चौथी आली, ताई! पायऱ्यांवर उभं राहायला मिळालं नाही, फसफसता रस नाही. पण डगनं तिला उचलून घेतलं.

मी विचारलं, काईओला काय सांगितलंस? म्हणाली, "सीक्रेट." मग तिनं मला विचारलं, "मावशी का नाही आल्या?" मी म्हटलं, "तू त्यांच्याशी बोलत नाहीस म्हणून." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच डोक्यावर पडलोय. म्हणाली, "मी डबा किती नीट घासते!"

आता तुम्ही दोघी बघून घ्या. माझं विमान लागलं.

विनू

---

शॉमबर्ग, १९ ऑक्टोबर

प्रिय विनू,

चिऊ गुरुवारी आली. बॅगेसकट. बूट दारात सरळ लावले आणि "आय ॲम होम" म्हणाली. मी "किती वाळलीस" म्हणून ओरडले, कारण दुसरं काही म्हणायला गेले असते तर रडले असते.

सॉरी तिनं म्हटलं नाही, मीही नाही. भांडी आवरताना तिनं सांगितलं, "मला राग कशाचा आला माहीत आहे? तुम्ही माझ्यासमोर फोन केला. मागून केला असता, तर तुम्हाला वाईट म्हणणं सोपं गेलं असतं." मग म्हणाली, अपघातानंतर कित्येक दिवस कानात बारीक शिट्टी वाजायची. ते तिनं मलाही कळू दिलं नव्हतं. आता वाजत नाही. मी दोनदा विचारून खात्री केली.

डगनं तिला पुढच्या सीझनसाठी ठेवलं आहे. वरच्या सिरीजमध्ये नाही, याच सिरीजमध्ये, पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणते चालेल, एक वर्ष उशीर. तिचे बाबा ट्रान्सलेटर लावून माझ्याशी फोनवर बोलले. अर्ध्या गोष्टींचं मशीननं काय केलं ते कळलं नाही, पण ते मध्येच गप्प झाले आणि मीही झाले. तेवढं नीट पोचलं. लायसन्सची टेस्ट पुढच्या आठवड्यात परत आहे. डग तिला वेगात चालवायला शिकवतोय.

आणि हो, सीक्रेट मी काढून घेतलं. काल दोघी टोमॅटोची शेवटची रोपं उपटत होतो, तेव्हा विचारलं, "काईओला काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, तू स्वतः जा. नाहीतर मी मावशीला फोन करते."

"आणि एवढ्यानं तो घाबरला?"

"नो. त्यानं विचारलं, मावशी म्हणजे काय?"

"मग?"

"मग मी समजावून सांगितलं," चिऊ हातावरची माती झटकत म्हणाली. "मग घाबरला."

तुझी,
ताई